कॅरियरची गाठ

मोरेश्वर, तो तांदळाचा कट्टा तू फटफटीच्या मांगं बांधला ना, तो सोड. आत्ता नाही, सकाळी सोड, पन सोड. नागपूरले बहिनीच्या घरी तांदूळ न्याचे आहेत, ने ना, मी कुठं नाही म्हनतो. पन कट्टा सीटवर घे, आपल्या पाठीले चिकटून. असा चाकाच्याही मांगं, कॅरियरवर लोंबता नोको. काहून? बस इथं शेकोटीपाशी, सांगतो काहून. तुम्हीही सरका रे समोर, तिथं तनसाच्या ढिगाले टेकून झोपा काढू नोका. आनि मधात मधात 'मंग काय झालं, मंग काय झालं' कराल त मी उठून जाईन. मी जलमभर ट्रक चालवला. मले मांगून हॉर्न वाजवलेला चालत नाही.

हे खुशालचं आहे. ऐकीव नाही. त्यानं मले त्याच दिवशी, आसगावच्या बोडीच्या, म्हनजे लहान तळ्याच्या, पाळीवर बसून सांगतलं, आनि शेवटचा तुकडा त मी माझ्या डोळ्यानं पाहिला.

मी तवा चिखल्याकडे एका शेठची टिपर चालवत होतो. मँगनीज भराचं आनि तुमसर रोडच्या स्टेशनावर नेऊन टाकाचं. खुशाल तिकडच्याच एका खदानीत मेट होता, म्हनजे खाली काम करनाऱ्या गँगचा म्होरक्या. लग्न नाही, व्यसन नाही. एकच नाद, फटफटी. साडेतीनशे सीसीची जुनी गाडी, जंगलखात्याच्या एका साहेबाकडून घेतलेली. तिले समोरून काच लावली, दोन्हीकडून लोखंडी डबे लावले, मांगं हातभर लांब कॅरियर वेल्डिंग करून घेतलं. काहून की त्याले फिराचं राहे. आपन मंडईच्या पल्याड जात नाही, हा बाबा पचमढीले गेला, अमरकंटकले गेला, एकदा त जगन्नाथपुरीचा समुद्र पाहून आला. आनि दरवेळी मांगं बसून इश्वर.

इश्वर त्याच्याच गँगमंधला ड्रिलवाला. पवनी तालुक्यातलं आसगाव त्याचं गाव. दोघं म्हनजे एक जीव. भांडन कराचे त तेही एका ताटात जेवताना करत. इश्वरची एकच तक्रार राहे. म्हने, "खुशाल, मले एकदा चालवू दे." खुशाल म्हने, "तू मांगंच बरा." कधी म्हनजे कधी देली नाही गाडी त्याच्या हातात. आपली फटफटी आनि आपली बायको कोनी उसनी देते का, असं म्हनून हसे. बायको नव्हतीच, पन म्हने.

त्या गाडीले एक खोड होती. पन्नासपर्यंत गाय. साठपर्यंतही ठीक. सत्तरीकडे काटा गेला, आनि त्यात मांगं सामान भरून असलं, का समोरचं चाक नाचाले लागे. डावं-उजवं, डावं-उजवं, सुपात धान पाखडल्यावानी. हॅन्डल असं झटके मारे का मनगट उखडून येईन. तुमसरचा भैय्यालाल मिस्त्री, त्यानं चाक सरळ केलं, हॅन्डलच्या आतल्या बेअरिंगच्या गोळ्या बदलल्या, सारं केलं. शेवटी हात पुसून म्हने, "गाडीत काही नाही. तू मांगं घर बांधून फिरतं, समोरचं चाक हलकं होते, मंग त्याले रस्ता सापडत नाही. हळू चालव."

आता मोरेश्वर, हे ध्यानात ठेव. हॅन्डल नाचाले लागलं का मानूस काय करते? घट्ट धरते. आनि ब्रेक दाबते. अन् तिथंच मरते. जितकं घट्ट धराल तितकं ते जास्त मारते. वजन समोर न्याचं, टाकीवर ओनवं व्हाचं, गॅस हळूच कमी कराचा, आनि हात सैल सोडाचे. हे बोलाले सोपं आहे. समोर मरन नाचत असताना मुठी सैल सोडनं काय सोपं असते? इश्वर मांगून हेच सांगे. हॅन्डल नाचलं का तो खुशालच्या पाठीले छाती लावून समोर झुके आनि दोन्ही हातानं त्याचे हात थोपटे, "सोड, सोड, बैलाचा कासरा धरल्यावानी धर." खुशालले राग ये. "मांगच्यानं तोंड बंद ठेवाचं." पन त्याच्या वजनानं गाडी थांबे नाचाची. हे खुशालनं कबूल केलं नाही कधी.

मंग त्या पौषात इश्वर मेला.

दरड नाही, बारूद नाही, काही नाही. खाली, दुपारच्या सुटीत डबा सोडून बसला, भाकरीचा तुकडा मोडला, आनि तसाच कलला. डॉक्टर म्हने हृदय बंद पडलं. चाळिशीचाही नव्हता. माझ्याच शेठच्या ट्रकमंधून आम्ही त्याले आसगावले नेलं. घरी एकटी माय, चंद्रभागाबाई. ती रडलीच नाही. पोराच्या तोंडाकडे पाहे, आनि आमच्याकडे पाहे, आम्ही काहीतरी तिकडे विसरून आलो असं तिचं पाहनं.

आता खदानीतल्या जुन्या मानसायची एक रीत होती. त्यायचं म्हननं, मानूस जमिनीच्या पोटात मेला त देह वर येते, पन जीव तिथंच बसून राहते. त्याले वरची वाट सापडत नाही. मंग तो ज्या जागी पडला तिथला दगड फोडून वर आनाचा, त्याच्याच दुपट्ट्यात बांधाचा, त्याच्या गावी न्याचा. मायनं त्याले बोडीच्या पान्यानं आंघोळ घालून बांधीच्या धुऱ्यावर, म्हनजे शेताच्या बांधावर, ठेवला का तो मोकळा. एस.टी.नं नेला त दगडाचं तिकीट काढत. हो, हसा. मी पाहिलं आहे. अर्धं तिकीट. कंडक्टर हसला नाही, मुकाट्यानं फाडून देलं.

रीतीत दोन गोष्टी पक्क्या. दगड वाटेत भुईवर टेकवाचा नाही. टेकवला का तो जीव तिथलाच झाला. आनि मेलेल्याले समोर कराचं नाही. जित्यानं समोर, दगडानं मांगं.

आनि तिसरी एक गोष्ट, ती कोनी रीत म्हनून नाही, दबक्या आवाजात सांगत. खाली मेलेला मानूस एकटा राहत नाही. तो जोडी मागते. ज्याच्याशी जास्त जीव होता, त्यालेच मागते.

चंद्रभागाबाईचा निरोप आला. म्हने, इश्वर सपनात येते. अंधारात डबा सोडून बसला असते आनि विचारते, "माय, दिवा कोनी इझवला?" तिनं सांगतलं, अमावास्येचा सूर्य निघाच्या आत दगड माझ्या दारात आना. सूर्य निघाला का मंग तो मले ओळखनार नाही. खुशालनं हो म्हनलं. पन त्या जागी जाची परवानगीच भेटेना. भेटली ती एकदम आदल्या दिवशी, दुसऱ्या पाळीले. साल एक्याऐंशी, फेब्रुवारीची तीन तारीख, मंगळवार. बुधवारी पौषाची अमावास्या.

खुशाल दगड घेऊन वर आला तवा रात्रीचे बारा होऊन गेले होते. एस.टी. कुठली भेटते तवा? म्हने, गाडीनं जातो. मी माझ्या टिपरपाशी बिडी ओढत होतो, मले आवाज देला, "पुंडलिक भाऊ, जरा गाठ मारून द्या." मँगनीजचा दगड पाहिला आहे का तुम्ही? काळा. मानसाच्या डोस्क्याएवढाच, पन उचलाल त कंबर बोलन. वीस किलो त असनच.

मी म्हनलं, "खुशाल, मांगं नोको. टाकीवर घे, दोन मांड्यात धर."

म्हने, "मेलेल्याले समोर करत नाही, भाऊ."

"बरं, सीटवर बांधू, इश्वरच्या जागी."

त्यानं त्या सीटकडे पाहिलं. इश्वरच्या वजनानं ती मधातून बसली होती, खालच्या स्प्रिंगा वाकल्या होत्या. म्हने, "ती रिकामी राहू द्या."

मंग मी दगड कॅरियरवर बांधला, पार मांगं. नायलॉनची दोरी, नवी. कॅरियरच्या सळईतून चार फेरे घेतले, काडी घालून पिळा देला, ट्रकवाल्याची गाठ मारली. आनि सुटू नये म्हनून दोन्ही टोकं बिडीच्या आगीनं वितळवून एकमेकाले चिकटवून टाकली. ती गाठ सोडता येत नाही. कापाच लागते. हे इथं ध्यानात ठेवा.

गेला तो.

मोहाडीच्या अलीकडे मांगचं चाक बसलं. पंक्चर. खुशाल फिरस्ता मानूस, सामान जवळ होतं. पन चाक काढाचं त दगड उतरवा लागन, आनि उतरवून ठेवन कुठं? भुईवर त टेकवाचा नाही. कोनी मानूस नाही हातात धराले. मंग एका पुलाच्या कठड्याचे दगड आनून, गाडीखाली लावून, दगडासकट गाडी उचलून धरून त्यानं कसंबसं चाक काढलं. थंडी अशी का पाना बोटाले चिकटे. आपन इथून ऐकतो म्हनून सोपं वाटते. त्यात त्याचे दोन-अडीच तास गेले.

तिथून निघाला त भंडाऱ्यापर्यंत ठीक. कारध्याच्या पुलावर धुकं. वैनगंगेवरचं पौषातलं धुकं म्हनजे हात समोर केला त हात दिसत नाही. पाय टेकवत टेकवत पूल ओलांडला. पल्याड कारध्यात कोंबडा आरवला. पन्नासच्या वर रस्ता बाकी. पूर्वेले अजून काळोख होता, पन आता तो किती वेळचा?

त्यानं गाडी वाढवली.

कारध्याच्या समोर वळनं आहेत. रस्ता एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आता ज्याच्या मांगं वर्षानुवर्षं एकच मानूस बसला, त्याले त्या मानसाचं वजन पाठीनं समजते. दगड बांधला असला का गाडी वळनात जड होते, मांगून ओढते, उशिरा कलते. पहिल्या वळनावर तसंच झालं. दुसऱ्याही वळनावर तसंच.

तिसऱ्या वळनावर गाडी त्याच्या आधी कलली.

त्याले वाटलं, भास. झोप नाही, थंडी आहे. समोर उजवं वळन आलं. त्यानं मुद्दाम अंग हलवलं नाही. गाडी कलली. बरोबर, पाहिजे तितकी, मांगच्यानं साथ देल्यावानी. दगड काय वळन पाहून कलते?

आनि सीटची स्प्रिंग वाजली.

ती वाजते कवा? कोनी बसलं का. एकदा खाली दबते आनि कुईं करते. इश्वर दरवेळी बसला का तोच आवाज. खुशालनं आरशात पाहिलं. आरशात काही नाही. अंधार. नुसता अंधार... आनि काच जराशी ओली, कोनी मांगून श्वास सोडल्यावानी. धुक्याची असन, त्यानं मनाले सांगतलं. धुकं केव्हाच मांगं राहिलं होतं.

मांगं पाहावं का? नाही पाहिलं. मले म्हने, "भाऊ, मान वळतच नव्हती. मी म्हनलं, इश्वर, तू आहेस का?" नुसता इंजिनाचा आवाज. "म्हनलं, इश्वर, मी तुले मायकडेच नेऊन राहिलो बे. नीट बस."

मंग त्याले ते आठवलं. जोडी मागते. ज्याच्याशी जास्त जीव होता, त्यालेच.

पोट्टेहो, भेव कसं असते माहीत आहे का? एखादा चोर दिसला त भेव वाटते, पन ते बाहेरचं. इथं त्याचं सारं भेव एका सीटवर येऊन बसलं होतं, आनि तेही आपल्याच दोस्ताचं. थांबावं त उशीर होते, माय दारात बसली आहे. जावं त हा मांगं. थांबून दगड फेकून द्यावा, असंही मनात आलं त्याच्या. त्यानं मले ते सांगतलं, लपवलं नाही. पन फेकला त इश्वर त्या रस्त्याचा झाला. जलमभर ट्रकाच्या उजेडात उभा राहील. खुशालच्यानं ते झालं नाही. त्यानं तसंच अड्याळ ओलांडलं.

अड्याळच्या समोर जंगल. दोन्ही बाजूनं मोहाची झाडं. मधात सरळ रस्ता, जरा उताराचा. आनि झाडायच्या वरतं, पूर्वेकडे... जरासं राखाडी झालं होतं.

बस. त्यानं गॅस खेचला.

पन्नास. पंचावन्न. साठ. समोरच्या काचेवर वारा आदळाले लागला. पासष्ट. हॅन्डल थरथरलं. त्याले माहीत होतं. पन सूर्य... माय... त्यानं नाही सोडला गॅस. काटा सत्तरवर आला.

आनि समोरचं चाक नाचलं.

आधी थोडंसं. मंग जोरात. डावं-उजवं. डावं-उजवं. त्यानं मुठी आवळल्या. अजून जोरात. लाइटाचा झोत या झाडावरून त्या झाडावर, या झाडावरून त्या झाडावर. हॅन्डल टाकीले आदळून राहिलं होतं, दोन्हीकडून. मांगून तो वीस किलोचा दगड शेपटीवानी गाडीले झोके देऊन राहिला होता. रस्ता कुठं, जंगल कुठं, काही समजेना.

त्याचा पाय ब्रेककडे गेला.

तवा...

त्याच्या हातावर हात आला.

मांगून. दोन्हीकडून. थंडगार. ओले. वरून रेती लागल्यावानी खरबरीत. खदानीतून वर आलेल्या मानसाचे हात असतात तसे. आनि वास... बंद जागेतल्या ओल्या दगडाचा.

त्या हातानं त्याचं एक बोट धरलं. करंगळी.

उघडली.

मंग दुसरं बोट.

खुशालनं जीव खाऊन हॅन्डल धरून ठेवलं. हा मले सोडाले लावून राहिला. हा मले पाडून राहिला. हा मले नेऊन राहिला. तिसरं बोट... त्यानं आवळलं. ते हात थांबले. ओढलं नाही त्यायनं. नुसते थांबले.

आनि त्याच्या पाठीले... छाती लागली.

हळूच. पुरीच्या रस्त्यावर लागे तशी. पचमढीच्या घाटात लागे तशी. सारं वजन समोर. त्याच्या पाठीवर, त्याच्या खांद्यावर, समोर... समोर...

खुशाल मले म्हने, "भाऊ, तवा मी ठरवलं. नेत असन त नेऊ दे. पन हा इश्वर आहे. यानं मले कधी खोटं सांगतलं नाही." आनि त्यानं पाय ब्रेकवरून काढला. डोळे मिटले.

मुठी सोडल्या.

किती वेळ ते त्याले माहीत नाही. डोळे उघडले तवा गाडी सरळ चालली होती. मधोमध. हॅन्डल शांत. त्याचे दोन्ही तळवे हॅन्डलावर नुसते ठेवलेले, कासरा धरल्यावानी. आनि गाडी चालवून कोन राहिलं होतं, ते त्यानं मले सांगतलं नाही. मीही विचारलं नाही.

नंतर पाठीवर काही नाही. सीट वाजली नाही. त्याच्या मांड्यायले काहीतरी टेकलं आहे, जड, इतकं त्याले जानवलं, पन त्यानं खाली पाहिलंच नाही. नजर रस्त्यावर. पवनीच्या समोर चौरास पट्ट्यातल्या धानाच्या रिकाम्या बांध्या लागल्या. तो कुठंच थांबला नाही. पाय टेकला नाही. हे मी त्याले चारदा विचारलं, आनि चारही वेळा त्यानं हेच सांगतलं.

आसगावात शिरला तवा उजाडाले लागलं होतं, सूर्य निघाचा होता. चंद्रभागाबाई दारात बसून. रात्रभर बसली होती. शेजारची एक बाई कंदील घेऊन तिच्यापाशी. गाडी दारात थांबली. खुशाल उतरेना. त्याचे गुडघे उघडेनात. बुढी उठून जवळ आली, कंदील वर धरला, आनि गाडीच्या टाकीकडे पाहत राहिली.

टाकीवर दगड होता.

इश्वरच्या दुपट्ट्यात गुंडाळलेला. खुशालच्या दोन मांड्यात. जसा मी बांधाले सांगत होतो, तसा.

बुढीनं दोन्ही हात समोर केले, लेकरू उतरवून घेतात तसे. वीस किलोचा दगड त्या वाळल्या हातानं छातीशी घेतला. आनि मंग ती रडली. इतके दिवस जे अडलं होतं ते सारं मोकळं झालं. रडता रडता म्हने, "मांगं बसतच नव्हता रे हा. लहानपनी बापाच्या सायकलीवर... दांडीवर, समोर बसे. दोन्ही हात हॅन्डलावर ठेवे. म्हने, माय पाह्य, मीच चालवून राहिलो."

खुशाल तिथंच, गाडीवर बसल्या बसल्या, लेकरावानी रडला.

सूर्य निघाच्या आत दगडाची आंघोळ झाली. धुऱ्यावर ठेवला. त्यानंतर बुढीच्या सपनात इश्वर अंधारात दिसला नाही, एवढं मले माहीत आहे.

मी पोहोचलो तवा दुपार झाली होती. शेठची गाडी घेऊन पवनीले धान भराले चाललो होतो, म्हनलं आसगावले वाकडी वाट करू. खुशाल बोडीच्या पाळीवर बसला होता. त्यानं सारं सांगतलं. मी म्हनलं, खुशाल, रात्रभराचा जागरनाचा खेळ आहे. पंक्चरच्या वेळी तूच दगड सोडून टाकीवर घेतला असशील, ध्यानात नसन. तो उठला, मले गाडीपाशी घेऊन गेला, आनि कॅरियरकडे बोट केलं.

मी भूत मानत नाही. रात्री-बेरात्री जंगलातून ट्रक नेनाऱ्यानं भूत मानून कसं भागन? पन मी माझी गाठ मानतो.

कॅरियरवर माझी दोरी होती. चारही फेरे जाग्यावर. पिळ्याची काडी जाग्यावर. गाठ मी मारली तशी, आनि बिडीनं वितळवून चिकटवलेली टोकं, माझ्या अंगठ्याचा ठसा त्या नायलॉनवर तसाच उमटलेला. कापली नव्हती. सोडली नव्हती. सैल झाली नव्हती. फक्त मधात दगड नव्हता.

खुशालनं ते कॅरियरच काढून टाकलं नंतर. भैय्यालालनं सळई कापली, दोरी नाही कापली, कोनाची हिंमतच झाली नाही. खुशालनं ती मले आनून देली. म्हने, "तुमची गाठ आहे, भाऊ, तुमच्यापाशी राहू द्या."

ती पाह्य, पडवीत, कंदिलाच्या खुंटीले टांगली आहे. सळईच्या तुकड्यासकट. मोरेश्वर, तुझे हात मजबूत आहेत, नवी गाडी हानतं. जा, घेऊन ये. उकलून पाह्य.

जा ना.

...

काहून बे, उठून मंग खाली काहून बसला?